किंगपिन कायदा : शिक्षा, सूट व अपवाद

परदेशी अमली पदार्थ तस्करांची आर्थिक कोंडी करण्यासाठी अमेरिकेने ३ डिसेंबर १९९९ रोजी अमलात आणलेला कायदा ‘किंगपिन कायदा’ या नावाने ओळखला जातो. कोलंबियातील काली टोळीविरुद्ध राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ऑक्टोबर १९९५ मध्ये काढलेल्या आदेशाची पद्धत या कायद्याने जगभरच्या तस्करांना लागू केली. यादीत नाव आलेल्या व्यक्तीची वा संस्थेची अमेरिकेच्या अधिकारक्षेत्रातील मालमत्ता गोठवली जाते. म्हणजे मालकी तिचीच राहते, पण ती मालमत्ता विकता, हलवता वा वापरता येत नाही. मुंबईच्या गुन्हेगारी जगतातून पुढे आलेल्या दाऊद इब्राहिमचे नाव या यादीत २००६ मध्ये, तर छोटा शकील व टायगर मेमन यांची नावे २०१२ मध्ये घालण्यात आली.

कायद्यातील शिक्षा तस्करीबद्दलची नाही, ती निर्बंध मोडण्याबद्दलची आहे. त्यामुळे व्यवहारात तिचा धाक तस्करापेक्षा त्याच्याशी देवघेव करणाऱ्या बँकांना आणि व्यापाऱ्यांनाच अधिक वाटतो. जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्या व्यक्तीस १० वर्षांपर्यंत कारावास आणि संस्थेस १ कोटी डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. अशा उल्लंघनात समजून-उमजून सहभागी झालेल्या संस्थेच्या पदाधिकाऱ्याला, संचालकाला किंवा प्रतिनिधीला मात्र ३० वर्षांपर्यंत कारावास आणि ५० लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. दिवाणी दंडाची मूळ कमाल मर्यादा १० लाख डॉलर होती व ती महागाईनुसार वाढवली जाते. हा दंड बसवण्यासाठी हेतू सिद्ध करावा लागत नाही, परंतु उल्लंघन स्वतःहून कळवणाऱ्याच्या बाबतीत दंडाची आधारभूत रक्कम साधारणतः निम्म्यावर येते.

राष्ट्रीय सुरक्षेला गंभीर बाधा येत असेल, तर राष्ट्राध्यक्ष एखाद्या तस्करावरील निर्बंध माफ करू शकतात, मात्र तसे काँग्रेसच्या समित्यांना कळवावे लागते. पोलीस तपास व गुप्तवार्ता यांची अधिकृत कामे निर्बंधांच्या कक्षेबाहेर आहेत, आणि ‘परदेशी व्यक्ती’ या संज्ञेत परकीय राष्ट्राचा समावेश नसल्यामुळे एखाद्या देशाच्या सरकारलाच किंगपिन ठरवता येत नाही.

रोजच्या व्यवहारात याहून महत्त्वाची ठरते ती परवान्यांची व्यवस्था. वित्त खात्याचे परकीय मालमत्ता नियंत्रण कार्यालय दोन प्रकारचे परवाने देते : ठरावीक प्रकारचे व्यवहार अर्जाशिवाय सर्वांना खुले करणारा सर्वसाधारण परवाना, आणि अर्जदाराला एका विशिष्ट व्यवहारापुरता मिळणारा विशेष परवाना. वकिलाने काही प्रकारची कायदेशीर सेवा देणे पहिल्या प्रकारात येते, पण त्याची फी गोठवलेल्या खात्यातून चुकती करायची असल्यास दुसरा परवाना लागतो. पनामातील वाकेद उद्योगसमूहावर मे २०१६ मध्ये निर्बंध आले तेव्हा त्याच्या मालकीची ‘ला एस्त्रेया’ व ‘एल सिग्लो’ ही वृत्तपत्रे बंद पडू नयेत म्हणून सर्वसाधारण परवाना देण्यात आला आणि त्याला वेळोवेळी मुदतवाढ मिळाली. वृत्तपत्रस्वातंत्र्याची चिंता निर्बंधांच्या कडक चौकटीत शिरल्याचे हे विरळ उदाहरण होय. मेक्सिकोचा फुटबॉलपटू राफाएल मार्केस याला अशी मोकळीक नव्हती. २०१७ मध्ये यादीत आलेल्या या खेळाडूने आरोप नाकारले होते, पण २०१८ च्या विश्वचषकात त्याला प्रायोजकांची नाममुद्रा असलेला सरावाचा पोशाख घालता आला नाही. त्याचे नाव २०२१ मध्ये वगळण्यात आले.

नाव वगळून घेण्याची वाट तडजोडीतूनही निघते. काली टोळीच्या रॉड्रिगेस ओरेखुएला बंधूंनी २००६ मध्ये मायामीत गुन्हा कबूल केला, तेव्हा त्यांच्या नातेवाइकांनी टोळीशी निगडित मालमत्तेवरील हक्क सोडण्याचे मान्य केले व त्याबदल्यात त्यांची नावे काढण्याचा मार्ग खुला झाला.

डिसेंबर २०२१ मधील नव्या आदेशाने वित्त खात्याला संपूर्ण गोठवणुकीऐवजी सौम्य निर्बंध निवडण्याची मुभा दिली. या आदेशाचे हेतुपुरस्सर उल्लंघन झाल्यास आणीबाणी आर्थिक अधिकार कायद्यानुसार २० वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.