भरतीच्या विहिरीपासून खाडीच्या चौकटीपर्यंत

न्हावा-शेव्याच्या धक्क्याशी त्सुनामी किती चढेल, हे संगणकाला विचारायचं तर नकाशावर एक बिंदू नेमून द्यावा लागतो. त्या बिंदूपाशी पाणी कसं वर-खाली झालं याची रेघ मॉडेल काढून देतं. मॉडेलवाले या बिंदूला गेज म्हणतात. त्याची रेघ भलतीच आली की बहुतेकांचा संशय आधी लाटेवर जातो. पण या गेजच्या कुळात दोष लाटेपेक्षा जागेचाच जास्त निघतो.

मूळपुरुष १८३१ चा. लंडनच्या गोदीतल्या हेन्री पामर या अभियंत्याने स्वतःच नोंद करणाऱ्या भरतीमापकाची रचना प्रसिद्ध केली. समुद्राशी लहान भोकाने जोडलेली विहीर, तीत तरंगी, तरंगीला बांधलेली लेखणी आणि घड्याळाच्या चालीवर सरकणारा कागद. भोक मुद्दाम लहान, कारण वाऱ्याच्या लाटांची थरथर कागदावर नको होती. भरतीसाठी ही युक्ती नामी. पण दहा-वीस मिनिटांत चढउतार करणारी त्सुनामी त्या भोकातून आत येईपर्यंत थोडी बुटकी होते, थोडी उशिराही पोचते.

त्सुनामी या कागदावर उतरली ती योगायोगाने. डिसेंबर १८५४ मध्ये जपानजवळ भूकंप झाला आणि सॅन फ्रान्सिस्को व सॅन दिएगोच्या भरतीमापकांवर अनोळखी दाते उमटले. अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षणाचा प्रमुख अलेक्झांडर बेश याने लाटेला लागलेल्या वेळावरून पॅसिफिकची सरासरी खोलीच काढली. त्सुनामीचा वेग खोलीवर ठरतो: चार हजार मीटर पाण्यात ताशी सुमारे ७०० किलोमीटर, दहा मीटरांत जेमतेम ३५. आज आपण उलट करतो, खोली भरून वेळ काढतो. म्हणून लाट चुकीच्या वेळी पोचली की आधी खोलीचे आकडे तपासावेत.

आपल्याकडे हे यंत्र रुजवलं सर्व्हे ऑफ इंडियाच्या ए. डब्ल्यू. बेअर्ड यांनी, आधी कच्छच्या आखातात. मुंबईत अपोलो बंदराची नोंद १८७८ पासूनची. क्राकातोआचा १८८३ चा स्फोट हिंदुस्थानच्या गेजांनी टिपला आणि बेअर्ड यांनी त्यावर अहवाल लिहिला. पण आपल्या किनाऱ्याची खरी कसोटी २८ नोव्हेंबर १९४५ ची. पहाटे साडेतीनच्या सुमारास अरबी समुद्राच्या उत्तरेकडच्या मकरान किनाऱ्यालगतचा समुद्रतळ हलला. सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईत लाट आली. साडेसहा फूट उंचीचा उल्लेख आढळतो, माणसं वाहून गेल्याच्या बातम्याही आहेत. गेजच्या रेघेत मात्र लाट इतकी उंच नाही. दोन्ही खरं असू शकतं. वर्सोव्याच्या उघड्या किनाऱ्यावर चढलेलं पाणी आणि बंदराच्या आत विहिरीत मोजलेलं पाणी एक नव्हे. पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कराची आणि मुंबईच्या याच नोंदी तपासून, उथळ खंडमंचावर लाटा कशा अडकून राहिल्या ते दाखवलं.

आता चौकटी. मॉडेल समुद्राला चौकटींच्या जाळीत कापतं आणि प्रत्येक चौकटीला एकच खोली देतं. अक्षांश-रेखांशाच्या एका मिनिटाची चौकट आपल्याकडे पावणेदोन किलोमीटरची. तीत घारापुरीची अवस्था पिठाच्या चाळणीत अडकलेल्या खड्यासारखी, राहिला तर भलामोठा, सुटला तर नाहीच. पनवेलची खाडी अशा जाळीत उरतच नाही. पंधरा सेकंदांची, म्हणजे साधारण साडेचारशे मीटरची जाळीसुद्धा बेलापूरजवळ तोकडी पडते. मग न्हावा-शेव्याचं गेज कोरड्या चौकटीवर बसतं आणि रेघ सपाट येते. जाळी सगळीकडे बारीक करावी, तर चौकटीची बाजू दर वेळी निम्मी केली की काम आठपट: चौकटी चौपट आणि वेळेचे टप्पे दुप्पट. म्हणून खोल समुद्रात मोठ्या चौकटी, बंदरात बारीक, हा तोडगा.

त्यातही खोड आहे. लाट जवळ आल्यावरच जाळी बारीक होणार असेल, तर त्या क्षणी गेजखालचा तळ बदलतो आणि रेघेत खोटी उडी दिसते. अशा वेळी पाण्याची जाडी पाहू नये, पृष्ठभागाची पातळी पाहावी; आणि गेजभोवतीची जाळी सुरुवातीपासूनच बारीक ठेवावी.

सगळ्यात चिवट घोळ शून्याचा. नाविक नकाशातली खोली ओहोटीच्या नीचांकी पातळीपासून मोजलेली असते. जमिनीची उंची सरासरी समुद्रपातळीपासून. मुंबईत या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरांचं अंतर आहे. ते न जुळवता आकडे भरले, तर उरणच्या बाजूच्या खाजणांत पाण्याखालची चौकट जमीन होऊन बसते. मी तरी रेघ बिघडली की सूत्रांना हात लावण्याआधी गेजखालच्या त्या एका चौकटीची खोली छापून पाहतो, आणि मग १९४५ ची रेघ शेजारी ठेवतो.