पिंपरीच्या मातीतला ‘पिंप्रिना’

पिंपरीची एचए, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४ साली सुरू झाली. पेनिसिलिनचा कारखाना, पण पेनिसिलिन बुरशीवर चालत नाही ना! तिथे मातीतून नवी औषधं शोधायचंही काम चालायचं. एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांना पिंपरीच्याच मातीत एक स्ट्रेप्टोमायसीस सापडला. आहे जिवाणू, पण तंतूंमुळे दिसतो अगदी बुरशीसारखा. मग ओळखायचा कसा? डीएनए वाचायची सोय तेव्हा कुठे होती? तंतूंचा रंग, बीजाणूंची माळ सरळ की पिळदार, कुठली साखर पचवतो, यावरून प्रजाती ठरायची. नाव पडलं स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. त्याच्यापासून बुरशीवरचं हॅमायसिन मिळालं. त्यातलं ‘हॅ’ कंपनीचं. रंग बघून प्रजाती ठरवणं मला तरी धाडसाचंच वाटतं. १९८० ची मान्य यादी आली, तेव्हा जगभरच्या जिवाणूंची हजारो जुनी नावं गळाली.