डर्बीतला ‘देशी’ घोडा

धाराशिव जिल्ह्याच्या परंडा भागात सीना वाहते, तर नळदुर्गच्या किल्ल्यापाशी बोरी. दोन्ही नद्या पुढे भीमेला मिळतात. भीमेच्या खोऱ्याने मराठी भाषेला एक घोडा दिला : भीमथडीचे तट्टू. राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ साली राज्यगीताचा दर्जा मिळाला, त्यातही ते आहे. मात्र मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर गाजणाऱ्या मोठ्या वार्षिक शर्यतींत त्याला स्थान नाही. या अनुपस्थितीचा इतिहास ‘देशी’ या शब्दाच्या अर्थात दडलेला आहे.

भारतीय शर्यतींच्या वार्षिक वेळापत्रकाचा कणा म्हणजे पाच ‘क्लासिक’ शर्यती : दोन गिनीज, ओक्स, डर्बी आणि सेंट लेजर. नावांसकट हा साचा इंग्लंडचा. तेथे सेंट लेजर १७७६ मध्ये, ओक्स १७७९ मध्ये आणि डर्बी १७८० मध्ये सुरू झाली. एक लष्करी अधिकारी, एका उमरावाचे निवासस्थान, स्वतः तो उमराव आणि एक सोन्याचे नाणे यांवरून ही नावे पडली. तेथील डर्बीत धावतात ते तीन वर्षांचे घोडे. म्हणजे प्रत्येकाला आयुष्यात संधी एकदाच.

मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर १८८३ पासून घोडे धावत होते. डर्बी मात्र आली १९४३ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत. पहिली शर्यत बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली. शर्यतीचे तेव्हाचे नाव होते ‘कंट्री ब्रेड डर्बी’, म्हणजे देशी पैदाशीच्या घोड्यांची डर्बी.

येथे ‘देशी’ म्हणजे या भूमीवर जन्मलेला, एवढेच. रक्त मात्र इंग्रजी वंशावळीत नोंदलेल्या ‘थरोब्रेड’चेच हवे. गंमत अशी की, थरोब्रेडचे तिन्ही मूळ पुरुष पूर्वेकडून इंग्लंडात गेलेले. डार्ले अरेबियन हा त्यांतलाच एक. भीमथडीच्या घोड्यातही अरबी, तुर्की आणि स्थानिक रक्ताचा संकर झाल्याचे मानले जाते. म्हणजे मुळे फारशी दूर नाहीत. फरक नोंदीचा आहे : एकाचे कुळ ग्रंथात उतरले, दुसऱ्याचे पागेत आणि लोकांच्या बोलण्यात राहिले.

फरक कसोटीचाही आहे. डर्बी २४०० मीटरमधला वेग मोजते. दख्खनच्या तट्टाची परीक्षा वेगळी होती : तुटपुंज्या चाऱ्यावर, खडकाळ वाटेने लांबची मजल मारणे. १८१८ मध्ये पेशवाई संपली, शिलेदार-बारगीर विखुरले आणि ही परीक्षा घेणारेच उरले नाहीत. धाराशिव १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. पण तेथील दरबारी अभिरुचीही टर्फचीच होती. निजाम महबूब अली खान यांच्या काळात, १८८६ मध्ये, शर्यती मलकपेटला आल्या.

तट्टू पुढे धनगरांच्या बिऱ्हाडाचे ओझे वाहत टिकून राहिले. २०२४ च्या सुमारास भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. डर्बीचा ‘देशी’ आणि धनगराचा ‘देशी’ हे दोन वेगळे शब्द आहेत. केवळ उच्चार सारखा. साहित्याच्या अभ्यासकाने ‘देशी’ हा शब्द वापरताना प्रत्येक वेळी विचारले पाहिजे : कोणाच्या वहीतला?