‘शहीद’ हा शब्द लष्कराच्या कागदावर का नसतो? आणि पेन्शन कशावर ठरते?

सीमेवर एखाद्या जवानाचा मृत्यू झाला की तासाभरात व्हॉट्सअॅपवर त्याचा फोटो फिरायला लागतो. खाली लिहिलेलं असतं, ‘शहीद जवान अमर रहे’. त्यावर कुणीतरी विचारतं, ‘सरकारने याला शहीदाचा दर्जा दिला का?’ मग कमेंट्समध्ये भांडण सुरू होतं.

या भांडणात बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी, की असा कोणताही सरकारी दर्जा अस्तित्वातच नाही. डिसेंबर 2017 मध्ये संरक्षण आणि गृह मंत्रालयाने केंद्रीय माहिती आयोगासमोर हेच सांगितलं होतं. लष्करात किंवा पोलीस दलांत ‘शहीद’ किंवा ‘मार्टर’ अशी संज्ञा वापरली जात नाही. लष्कराच्या नोंदीत शब्द असतो ‘बॅटल कॅज्युअल्टी’.

फेब्रुवारी 2022 मध्ये लष्कराच्या मुख्यालयाने आपल्या सर्व कमांड्सना पत्र पाठवून ‘मार्टर’ हा शब्द टाळायला सांगितलं. धर्म सोडायला नकार दिल्यामुळे किंवा धार्मिक, राजकीय श्रद्धेपायी ज्याला मरण येतं तो ‘मार्टर’, असा त्या शब्दाचा अर्थ. सैनिक या कारणासाठी मरत नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे साक्षीदार, आणि गंमत म्हणजे अरबीतून आलेल्या ‘शहीद’चा मूळ अर्थही साक्षीदार असाच आहे.

मग मराठीत काय म्हणायचं? आपल्याकडे शब्दांची वानवा नाही. ‘वीरमरण आलं’, ‘धारातीर्थी पडले’ हे जुने शब्द आहेत. ‘हुतात्मा’ म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. सावरकरांनी रूढ केलेल्या शब्दांमध्ये हा शब्द सांगितला जातो, आणि मुंबईतल्या हुतात्मा चौकामुळे तो आपल्या तोंडी बसला आहे. तो चौक अर्थात सैनिकांचा नाही, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मारल्या गेलेल्यांचा आहे. तुम्ही ‘शहीद’ लिहिलंत म्हणून काही गुन्हा होत नाही. भावना पोहोचते.

पण घरच्यांसाठी खरा प्रश्न वेगळाच असतो.

मृत्यूची नोंद कशी होते?

लष्करात मृत्यूची नोंद ढोबळमानाने दोन प्रकारे होते. शत्रूशी लढताना, दहशतवादविरोधी मोहिमेत किंवा तशाच कारवाईत मृत्यू आला तर ‘बॅटल कॅज्युअल्टी’. आजार, अपघात अशा कारणांनी आला तर ‘फिजिकल कॅज्युअल्टी’. पेन्शन या नोंदीवर अवलंबून असते. पहिल्या प्रकारात कुटुंबाला ‘लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन’ मिळते, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी. मृत्यू लढाईत नाही पण नोकरीच्या कारणाने झाला असेल तर ‘स्पेशल फॅमिली पेन्शन’, म्हणजे त्या पगाराच्या 60 टक्के. नोकरीशी संबंधच नसेल तर साधी कुटुंब पेन्शन, 30 टक्के.

एका शब्दाने घरात येणारा पैसा किती बदलतो ते यावरून लक्षात येईल.

जानेवारी 2013 मध्ये नियंत्रण रेषेजवळ गस्तीवर असलेल्या एका जवानाचा कडाक्याच्या थंडीत हृदयविकाराने मृत्यू झाला. सुरुवातीला ‘बॅटल कॅज्युअल्टी’ अशी नोंद झाली. नंतर ती बदलून ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ करण्यात आली आणि त्याच्या पत्नीला पूर्ण पेन्शन नाकारली गेली. ती सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेली. 2019 मध्ये तिथे जिंकली. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने अपील फेटाळलं, या बाईंना कोर्टात खेचायलाच नको होतं असं सुनावलं आणि 50 हजार रुपये तिला द्यायला लावले. मृत्यूनंतर जवळपास बारा वर्षांनी.

अग्निवीरांचं गणित आणखी वेगळं आहे. त्यांच्या कुटुंबाला पेन्शन नाही. 48 लाखांचा विमा आणि कर्तव्यावर मृत्यू झाल्यास 44 लाखांचं सानुग्रह अनुदान, शिवाय सेवा निधीतली रक्कम अशी एकरकमी मदत मिळते. ऑक्टोबर 2023 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या अग्निवीराचा सियाचिनमध्ये मृत्यू झाला तेव्हा यावर बराच वाद झाला होता.

पोस्ट टाकताना

निवृत्त अधिकाऱ्याचं नाव लिहिताना आपण सर्रास ‘निवृत्त कर्नल अमुक’ लिहितो. लष्करी रीत ‘कर्नल अमुक (निवृत्त)’ अशी आहे. हुद्दा निवृत्त होत नाही, माणूस होतो. ही चूक वर्तमानपत्रंही रोज करतात, त्यामुळे फार वाईट वाटून घेऊ नका.

पत्नीसाठी ‘विधवा’ऐवजी ‘वीरपत्नी’ हा शब्द आता रुळला आहे. शवपेटीवरचा तिरंगा डोक्याकडे केशरी रंग येईल असा ठेवतात, आणि ध्वजसंहितेनुसार तो चितेवर जाळत नाहीत की कबरीत सोडत नाहीत. घरच्यांच्या हातात घडी करून दिलेल्या तिरंग्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल, तो हाच.

आणि 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वज दिन असतो, 1949 पासून. त्या दिवशी जमणारा निधी माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी वापरला जातो. पेन्शनचे कागद अडले असतील, नोंदीबद्दल शंका असेल, तर गावातल्या वीरपत्नीला किंवा वीरमातेला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता नक्की सांगा. तिथे माजी सैनिकच बसलेले असतात आणि अर्ज कुठे करायचा हे त्यांना माहीत असतं.