पोकर आणि विज्ञानशिक्षण

पोकर हा बावन्न पानांचा, पैजेवर चालणारा खेळ. ‘टेक्सास होल्डेम’ या सर्वांत रूढ प्रकारात प्रत्येकाकडे दोन झाकलेली पाने असतात आणि टेबलावर टप्प्याटप्प्याने पाच पाने सर्वांसाठी उघडली जातात. प्रतिस्पर्ध्याचा हात दिसत नसल्याने प्रत्येक निर्णय अपुऱ्या माहितीवर घ्यावा लागतो. यात नाव मिळवलेल्यांत विज्ञानशाखेचे लोक ठळकपणे आढळतात. 2000 मध्ये जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा जिंकणारे ख्रिस फर्ग्युसन संगणकशास्त्राचे, तर ‘द मॅथेमॅटिक्स ऑफ पोकर’चे (2006) सहलेखक बिल चेन गणिताचे डॉक्टरेट आहेत. 2010 मध्ये सॅन रेमोची युरोपीय स्पर्धा जिंकणाऱ्या लिव्ह बोरी मँचेस्टरला खगोलभौतिकी शिकल्या. विज्ञानाने त्यांना सूत्रे दिली, पण त्याहून मोलाची आहे ती निर्णयाची पारख निकालावरून न करण्याची सवय.

या सवयीचे बीज नांदेड-लातूरच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचे आहे. ‘लातूर पॅटर्न’मुळे प्रवेशपरीक्षांच्या तयारीचे केंद्र बनलेल्या या भागात नीटचा विद्यार्थी रोज संभाव्यतेशी झुंजतो. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. चार पर्यायांत डोळे झाकून खूण केली, तर सरासरी लाभ 0.25 गुण, एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर 0.67, दोन बाद झाले तर 1.5. पोकरचा हिशेब याच जातीचा आहे. समजा, टेबलावर चार पाने उघडली आहेत आणि एकाच रंगाची पाच पाने जुळायला एक कमी आहे. न दिसलेल्या 46 पानांपैकी 9 उपयोगी, म्हणजे शक्यता 19.6 टक्के. मध्ये 500 रुपये जमले असून पुढे राहायला 100 भरायचे असतील, तर 16.7 टक्के शक्यताही पुरते. पाचांतल्या चार वेळा हरूनही पैसे भरणे योग्यच ठरते.

यावर रास्त आक्षेप असा की, परीक्षेत ठरलेले उत्तर असते, पोकरमध्ये उत्तरसूचीच नसते. केवळ एकच बरोबर उत्तर शोधायला शिकलेला विद्यार्थी इथे उलट अडखळेल, कारण एका डावाचा निकाल त्याच्या खेळाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतला धडा लागतो: मोजमाप पुन्हा घ्या आणि त्रुटीची मर्यादा लिहा. यादृच्छिक त्रुटी निम्मी करायची तर नोंदी चौपट लागतात. म्हणून चार दिवसांच्या जिंकण्याने न हुरळता हजारो डावांच्या नोंदी तपासणारा खेळाडू टिकतो, आणि एका बैठकीत सगळी पुंजी लावणारा बुडतो.

दुसरा आक्षेप स्टू उंगर यांचा दाखला देतो. शाळा सोडलेल्या उंगर यांनी 1980, 1981 आणि 1997 मध्ये मुख्य स्पर्धा जिंकली. अंगची स्मरणशक्ती आणि निरीक्षण पदवीविना घडू शकते, हे मान्यच. मात्र 1998 मध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हा हाती काही उरले नव्हते. डाव जिंकण्याची बुद्धी आणि पुंजी राखण्याची शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी शिकवता येते. ‘लिब्रेटस’ (2017) आणि ‘प्लुरिबस’ (2019) या संगणकप्रणालींनी नामांकित व्यावसायिकांना हरवल्यापासून तर अभ्यासाचे साधनच बदलले. प्रणालीचे उत्तर कोणत्या गृहीतकावर उभे आहे, हे ओळखणाऱ्यालाच तिचा उपयोग होतो.

भारतात हा व्यवसाय अरुंद झाला आहे. पैशांच्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असले तरी, 2025 च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली. गोव्यातील परवानाधारक कॅसिनोंसारखी मोजकी ठिकाणे उरली. तरीही मराठवाड्यातल्या शिक्षणाला यातून घेण्याजोगे बरेच आहे. विद्यार्थ्याकडून उत्तराबरोबर त्याची खात्री किती टक्के, हेही लिहून घेतले आणि वर्षअखेर ती खात्री किती खरी ठरली हे तपासले, तर निदान करणाऱ्या डॉक्टरला आणि जोखीम मोजणाऱ्या विमातज्ज्ञाला लागणारी हीच बुद्धी एक पैसाही पणाला न लावता घडेल.