परतून आलेला पाहुणा : जमैकातील हिपहॉप आणि भाषेचा प्रश्न

हिपहॉपचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक एका तारखेपासून आरंभ करतात. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक दालनात, सिंडी कॅम्पबेल या मुलीने एक पार्टी भरवली. शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांपुरते पैसे उभे करावेत, एवढाच तिचा हेतू होता. तबकड्या वाजवायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह उभा राहिला. हाच पुढे 'कूल हर्क' या नावाने प्रसिद्धीस आला. त्याचा जन्म १९५५ साली किंग्स्टनमध्ये झाला आणि १९६७ साली तो ब्राँक्समध्ये आला. या चरित्रावरून एक सोपे प्रमेय तयार झाले आहे. हर्क जमैकन, म्हणून हिपहॉपचे मूळ जमैकन. आणि म्हणून किंग्स्टनचा एखादा तरुण रॅप करू लागला, तर परंपरा स्वगृही परतली असे समजावे. साहित्याचा इतिहास शिकवणाऱ्या आम्हांला ही मांडणी ओळखीची वाटते आणि म्हणूनच तिच्याविषयी शंकाही येते. उगमाचा शोध घेताना वाटेत काय गळून पडले, याची नोंद घ्यायला आपण सहसा विसरतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या किंग्स्टनमध्ये वाद्यवृंदाला पैसे मोजणे गरीब वस्त्यांना परवडत नव्हते. त्यांची गरज 'साउंड सिस्टिम'ने भागवली. भलेमोठे ध्वनिक्षेपक, एक तबकडीयंत्र आणि अमेरिकन 'ऱ्हिदम अँड ब्लूज'च्या तबकड्या, एवढे साहित्य पुरे होई. टॉम द ग्रेट सेबॅस्टियन, ड्यूक रीड, कॉक्सन डॉड ही या व्यवसायातील मोठी नावे. दोन तबकड्यांमधली पोकळी भरून काढण्यासाठी माइकवर बोलणारा माणूस लागे. काउंट मचुकी हा अशा बोलणाऱ्यांतील आद्य मानला जातो. त्याने उचलली होती ती अमेरिकन रेडिओवरील कृष्णवर्णीय निवेदकांची चटपटीत, यमके जुळवत बोलण्याची ढब. म्हणजे ज्याला आपण जमैकन उगम म्हणतो, त्याच्याही मुळाशी समुद्र ओलांडून आलेला आवाज आहेच.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस यात निर्णायक बदल झाला. तबकडीच्या मागच्या बाजूवर त्याच गाण्याचा, गायकाचा आवाज काढून टाकलेला अवतार येऊ लागला. त्याला 'व्हर्जन' म्हणत. किंग टबीसारख्या तंत्रज्ञाने हा अवतार आणखी विरळ, आणखी घुमणारा केला. या रिकाम्या झालेल्या जागेत यू-रॉय बोलू लागला. १९७० साली त्याची तीन गाणी एकाच वेळी जमैकाच्या लोकप्रियता यादीत पहिल्या तीन क्रमांकांवर होती. आमच्या मते ही घटना संगीताइतकीच वाङ्मयीनही आहे. तोवर बोलणे गाण्यांच्या फटीत होते. आता बोलणे हेच गाणे झाले. येथे परिभाषेचा एक घोटाळा टाळला पाहिजे. जमैकात तबकडी वाजवतो तो 'सिलेक्टर' आणि बोलतो तो 'डीजे'. अमेरिकेत वाजवणारा 'डीजे' आणि बोलणारा 'एमसी'. या दोन कोशांतील अंतर पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

हर्कने ब्राँक्समध्ये नेले ते नेमके काय? प्रचंड ध्वनिक्षेपक, मोहल्ल्याच्या मधोमध उभा केलेला आवाज, आणि तबकडी ही पूर्ण झालेली कलाकृती नसून कच्चा माल आहे ही जाणीव. एकाच तबकडीच्या दोन प्रती लावून गाण्यातला केवळ तालाचा तुकडा लांबवत नेण्याची त्याची युक्ती हिपहॉपचा पाया ठरली. मात्र जमैकन गाणी तेथल्या श्रोत्यांना रुचली नाहीत, म्हणून त्याने जेम्स ब्राऊन आणि फंक वाजवले. त्या काळच्या ब्राँक्समध्ये जमैकन असणे प्रतिष्ठेचे नव्हते. आपला जमैकन उच्चारही त्याने प्रयत्नपूर्वक घालवला. इतकेच नव्हे, तर जमैकन 'टोस्टिंग'मधून रॅप निघाले हे अनुमान त्याने स्वतः एका मुलाखतीत नाकारले आहे. त्याची साक्ष अंतिम मानण्याचे कारण नाही; कर्त्याला आपल्या कृतीची सगळी मुळे ठाऊक असतातच असे नाही. पण तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. रचना समुद्रापार गेली, भाषा मात्र मागे राहिली.

ही मागे राहिलेली भाषा कोणती, हे पाहणे अगत्याचे आहे. जमैकाची अधिकृत भाषा इंग्रजी. बहुसंख्य लोकांच्या तोंडची भाषा पॅट्वा. इंग्रजी शब्दसंग्रह आणि आफ्रिकन भाषांचे संस्कार यांतून, गुलामगिरीच्या मळ्यांवर ती घडली. शाळेने तिला दीर्घकाळ 'मोडकी इंग्रजी' ठरवले. लुईज बेनेट या कवयित्रीने १९४० च्या दशकापासून पॅट्वातच लिहिले, तिचा 'जमैका लब्रिश' हा संग्रह १९६६ साली आला, तरी मान्यवर कवींच्या पंक्तीत तिला बराच काळ बसवले गेले नाही. करमणूक करणारी बाई म्हणूनच तिच्याकडे पाहिले गेले. बार्बाडोसचे कवी-समीक्षक कामाऊ ब्रॅथवेट यांनी १९८४ च्या 'हिस्टरी ऑफ द व्हॉइस' या पुस्तकात अशा भाषांसाठी 'नेशन लँग्वेज' ही संज्ञा रूढ केली. (आपल्याकडील 'राष्ट्रभाषा' या कल्पनेशी तिची गल्लत करू नये, येथे लोकांच्या श्वासाची लय अभिप्रेत आहे.) मायकी स्मिथ, लिंटन क्वेसी जॉन्सन आदी 'डब' कवींनी डीजेची लय छापील कवितेत आणली. मायकी स्मिथचा १९८३ साली किंग्स्टनमध्ये दगडांनी ठेचून खून झाला, तेव्हा तो तिशीतही नव्हता. जॉन्सनची कविता २००२ साली पेंग्विनच्या आधुनिक अभिजात मालेत समाविष्ट झाली. थोडक्यात, रस्त्यावरच्या बोलण्याला 'काव्य' हे नाव मिळवून देण्याची लढाई जमैकात हिपहॉप पोहोचण्याआधीपासूनच चालू होती.

दरम्यान न्यूयॉर्कमध्ये चित्र पालटले. बूगी डाऊन प्रॉडक्शन्सच्या १९८७ च्या 'क्रिमिनल माइंडेड' या अल्बममध्ये जमैकन डीजेचा सूर उघडपणे ऐकू येतो. हर्कने टाकलेला उच्चार चौदा वर्षांनी त्याच ब्राँक्समध्ये भूषण ठरला. पण किंग्स्टनमध्ये अमेरिकन रॅप आले ते अमेरिकन इंग्रजी घेऊन. तेथे डीजेची परंपरा इतकी समर्थ होती की या पाहुण्याची गरज काय, असाच प्रश्न पडावा.

फाइव्ह स्टीझ या किंग्स्टनच्या रॅपरचा 'वॉर फॉर पीस' हा अल्बम २०१२ साली प्रसिद्ध झाला. तो स्वतःला डीजे म्हणवत नाही, रॅपर म्हणवतो. संथ तालावर, मुख्यतः इंग्रजीत, अधूनमधून पॅट्वाकडे झुकत आपल्या शहराविषयी बोलतो. उगवत्या जमैकन रॅपरपुढचा पेच या उदाहरणात पूर्ण दिसतो. इंग्रजीत रॅप केले, तर 'अमेरिकनांची नक्कल' हा आक्षेप ठरलेला. पॅट्वात आणि वेगवान तालावर केले, तर लोक म्हणणार, 'हा तर डीजे! याला रॅप कशाला म्हणायचे?' म्हणजे जमैकन हिपहॉप जितके जमैकन होत जाईल, तितके त्याचे हिपहॉप हे नाव पुसट होत जाते.

कबाका पिरॅमिडची वाटचाल याचीच दुसरी बाजू दाखवते. त्याची घडण हिपहॉपमध्ये झाली. ओळीच्या आत यमके गुंफण्याची, विचार लांबवत नेण्याची त्याची सवय रॅपरची आहे. पण हे कसब त्याने पॅट्वात आणि रेगेच्या तालात उतरवले. 'द कॉलिंग' या त्याच्या २०२२ च्या अल्बमला २०२३ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तो सर्वोत्कृष्ट रेगे अल्बमचा. स्पॅनिश टाऊनच्या कॉफी या तरुणीला २०२० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, 'रॅप्चर'साठी मिळालेला ग्रॅमीही त्याच गटातला. तिच्या बोलण्यात डीजे कोठे संपतो आणि रॅपर कोठे सुरू होतो, हे सांगणे कठीण. पुरस्काराचे कप्पे मात्र ठाम असतात.

नव्या पिढीने हा पेच बहुधा न सोडवताच मागे टाकला आहे. सेंट थॉमस परगण्याच्या स्किलिबेंगचे 'क्रोकोडाइल टीथ' हे २०२० चे गाणे ऐकावे. ताल अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेल्या 'ट्रॅप'च्या वळणाचा, भाषा मात्र निखळ पॅट्वा. २०२१ साली निकी मिनाजने त्यावर आपला आवाज चढवला. अमेरिकेला समजावे म्हणून स्किलिबेंगने आपला उच्चार बदललेला नाही. हर्कच्या किशोरवयाशी ताडून पाहिले, तर हे अंतर लहान नाही.

अर्थात, बोली निवडली म्हणजे आशय आपोआप प्रामाणिक होतो, अशा भाबड्या समजुतीत आम्ही नाही. याच गाण्यांत बंदुकीचे आणि फसवणुकीच्या पैशाचे कौतुकही आढळते. जमैकाच्या प्रसारण आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अशा गाण्यांच्या प्रसारणावर बंदी घातली, तेव्हा कलावंतांनी तिला विरोध केला. वास्तव आम्ही घडवले नाही, ते केवळ सांगतो, हा त्यांचा बचाव अर्धाच खरा आहे. कारण सांगण्यातही चव घेणे असते. परंतु हा निवाडा करायचा तर आधी ती भाषा समजून घ्यावी लागते, तिच्यातला उपरोध आणि बढाई वेगळी काढता यावी लागते. बेनेटच्या वाट्याला ही समज फार उशिरा आली.

जमैकन हिपहॉपचा इतिहास 'उगम' आणि 'प्रभाव' या दोन शब्दांत मावत नाही, एवढे यावरून म्हणता येईल. अमेरिकन रेडिओवरून किंग्स्टनला, किंग्स्टनहून ब्राँक्सला आणि पुन्हा किंग्स्टनला अशा या येरझाऱ्यांत प्रत्येक खेपेस काही सोबत आले, काही मागे राहिले. आपल्या वर्गांतही बोलीत लिहिणारा कवी अभ्यासक्रमात येतो, तेव्हा त्याच्या आशयाची चर्चा होते आणि उच्चार तळटिपेत जातो. यापुढे हर्कची गोष्ट विद्यार्थ्यांना सांगताना आम्ही त्या पार्टीच्या तारखेपाशी थांबणार नाही. त्या बारा वर्षांच्या मुलाने ब्राँक्समध्ये आल्यावर आपला उच्चार का पुसला, हा प्रश्न आधी विचारू.