कबुतराच्या हाडात सापडलेला धागा

आजची गोष्ट सुरू होते एका कबुतरापासून आणि येऊन पोचते थेट आपल्या आई-आजीच्या पाठीच्या कण्यापर्यंत.

आपल्याला वाटतं, वाढ संपली की हाड म्हणजे भिंत. एकदा बांधली की झालं! पण तसं नाहीये. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दर वर्षी नव्याने बनतो. काही पेशी जुनं हाड पोखरतात, काही पेशी तिथे नवं भरतात. किती पोखरायचं, किती भरायचं, यावर हार्मोन्सचा मोठा ताबा असतो. पण हे कळलं कसं?

साल १९३४. शिकागोमध्ये प्रेस्टन काइज आणि ट्रूमन पॉटर हे दोन संशोधक कबुतरांची हाडं तपासत होते. अंडी घालायच्या बेतात असलेल्या मादीच्या हाडाच्या पोकळीत त्यांना नवंच हाड भरलेलं दिसलं. अंडी घालून झाली की ते नाहीसं व्हायचं. नरांमध्ये मात्र ते नव्हतंच.

कारण सोपं आहे. अंड्याच्या कवचाला भरपूर कॅल्शियम लागतं, आणि तेही थोड्या तासांत. खाण्यातून ते तेवढ्यात मिळत नाही. म्हणून मादी आधीच हाडात साठा करून ठेवते आणि वेळ आली की मोडते. आपण भिशीचे पैसे ऐन गरजेला काढतो ना, तसंच! हा साठा करायला सांगतं ते इस्ट्रोजेन. नराला इस्ट्रोजेन टोचलं, तर त्याच्याही हाडात तोच साठा तयार होतो.

आता जाऊ बोस्टनला. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुलर अल्ब्राइट नावाचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे पाठीचे मणके दबलेल्या, पाठदुखीने बेजार झालेल्या बायका यायच्या. बहुतेकींची पाळी थांबलेली होती. तोवर असल्या हाडांकडे ‘वय झालं’ म्हणून बघितलं जायचं. अल्ब्राइटना कबुतरांवरचं काम माहीत होतं. त्यांनी दोन्ही गोष्टी जोडल्या: पाळी थांबते, इस्ट्रोजेन घटतं, म्हणून हाड झिजतं. १९४० आणि १९४१ मध्ये त्यांनी हे मांडलं. इस्ट्रोजेन दिल्यावर या बायकांच्या शरीरातून वाया जाणारं कॅल्शियम कमी झालं.

पण त्यांचं उत्तर अर्धंच बरोबर होतं. कबुतरासारखंच बाईच्या शरीरातही इस्ट्रोजेन हाड बांधायला लावतं, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात आपल्यात त्याचं मुख्य काम ब्रेकचं आहे. ते पोखरणाऱ्या पेशींना आवरतं. ब्रेक सुटला की बांधकामापेक्षा तोडकाम जास्त! इस्ट्रोजेनचा संदेश घेणारी जागा हाडाच्या पेशींमध्येच असते, हे तर १९८८ साली सापडलं.

आणि मुलांनो, हे फक्त बायकांचं प्रकरण नाही बरं का! १९९४ साली एका २८ वर्षांच्या पुरुषाची केस प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा संदेशच कळत नव्हता. तो सहा फुटांच्या बराच वर गेला होता, तरी त्याची उंची वाढतच होती, आणि हाडं मात्र विरळ होती.

मग सगळ्यांना इस्ट्रोजेन देऊन टाकायचं का? नाही. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेनसोबत दुसरं एक हार्मोन घेणाऱ्या बायकांची हाडं कमी मोडली, पण स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढलेले दिसले. म्हणून आज ते डॉक्टर माणूस बघूनच ठरवतात.

हाड झिजताना दुखत नाही. बऱ्याचदा पहिली खबर मिळते ती हाड मोडल्यावरच. त्यामुळे घरात कुणाची पाळी थांबली असेल, उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. हाडांची तपासणी करायची का, हे एकदा डॉक्टरांना विचारा.

भेटू पुढच्या भागात!